बसची गोष्ट कोणाची

ताईच्या जेवणाच्या टेबलावर गेले कित्येक आठवडे कोणी धड जेवलं नव्हतं. ताटं मांडायची तर आधी तीन लॅपटॉप उचलायचे, वायरी गुंडाळायच्या, प्रोफेसरांचा चष्मा शोधून बाजूला ठेवायचा आणि मग बारक्याला सांगायचं की बाबा रे, आता जरा बूड हलव. ताईचा नवरा हे सगळं मुकाट्याने करायचा. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस तो. दिवसभर गिऱ्हाइकांना 'आता कसं दिसतंय, आणि आता?' असं विचारून विचारून त्याच्या अंगी भलतीच सहनशक्ती आली होती.

ही तिघं एकाच ऑफिसातली. कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी काम दुसरीकडे हलवलं आणि तिघांनाही एकदमच नारळ मिळाला. काम काय होतं, तर लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचं बुकिंग ज्या कॉम्प्युटरांवर चालतं ते चालू ठेवायचं. चालू असेपर्यंत तुमची कोणाला आठवण नसते आणि बंद पडलं की साऱ्या जगाला तुमचा नंबर पाठ असतो, अशातलं काम. प्रोफेसर प्रोग्रॅम लिहायचे. ते कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते, पण नुसतं 'किती वाजले' म्हणून विचारलं तरी घड्याळाचा शोध कसा लागला तिथपासून सुरुवात करायचे, म्हणून प्रोफेसर. बारक्या तर नावाचाच बारक्या. चांगला उंचापुरा, एका मुलीचा बाप. नोकरीला लागला तेव्हा सगळ्यांत लहान होता, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलं. आणि ताईला तिच्याहून मोठे प्रोफेसरही ताईच म्हणायचे.

आता तिघंही मुलाखतींची तयारी करत होती. रोज दुपारी चहा झाला की एक जण उमेदवार व्हायचा आणि बाकीचे दोघे तोंडं लांब करून साहेब व्हायचे. एखादी आज्ञा काय करते, मशीन मंद झालं तर आधी कुठे बघाल, अमुक यादीतून तमुक शोधणारा प्रोग्रॅम लिहून दाखवा. कधी ताईचा नवरा दुकान बंद करून यायचा आणि कागदावरचे प्रश्न वाचायचा. त्यातलं त्याला ओ का ठो कळत नसे, पण आवाज असा लावायचा की प्रोफेसरांचीही बोबडी वळायची.

ताईचं घोडं मात्र अडत होतं. दोन ठिकाणांहून तिला नकार आला होता. पहिल्या ठिकाणी व्हिडिओ कॉलवर प्रोग्रॅम लिहायला सांगितला, तर ती इतका वेळ गप्प बसून विचार करत राहिली की समोरच्याने विचारलं, लाइन गेली का? दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्ही कधी टीम सांभाळली आहे? ताई म्हणाली, नाही. साहेब कोणी दुसरेच होते, मग आपण सांभाळली कसं म्हणायचं? तिच्या हिशेबी हे सरळ उत्तर होतं.

दोन्ही वेळा नवऱ्याने समजूत काढली. दुकानात काउंटरमागे त्याने तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली, वर नवी उशीसुद्धा आणली. "नाही जमलं तर नाही जमलं गं," तो म्हणाला. "दुकान काय परक्याचं आहे?" तो हे मायेने बोलत होता आणि तिला त्याचीच धास्ती वाटत होती. वाकडं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. तिला त्या उशीवर बसायचं नव्हतं. तिला हवं होतं ते तिचं काम, ज्यात कुठेतरी काहीतरी अडतं आणि चार माणसं डोकी एकत्र करून ते सोडवतात. पण आणखी एक नकार पचवायची ताकद आपल्यात नाही हेही तिला ठाऊक होतं. पुढची मुलाखत हुकली तर ती पुन्हा कुठे अर्ज करणार नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

या कामाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. मोठं काही बंद पडलं होतं का, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि तिघांकडे त्याला एकच झकास गोष्ट होती. बसची.

झालं असं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या असायच्या. एक सरावाच्या मशीनची, तिथे काहीही मोडा, कोणाचं काही जात नाही. दुसरी खऱ्या मशीनची, जिथे लोकांची तिकिटं. दोन्ही काळ्याभोर, दोन्हींत तीच पांढरी अक्षरं. एका दुपारी सरावाच्या खिडकीत द्यायची ती सगळं पुसून टाकायची आज्ञा खऱ्या खिडकीत गेली. सगळी बुकिंगं साफ. स्टँडवर गाड्या भरायला उभ्या, दाराशी माणसं, आणि कुठल्या सीटवर कोण याचा कोणाला पत्ता नाही.

ती आज्ञा प्रोफेसरांनी दिली होती.

बॅकअप होता, पण तो शोधून परत लावला बारक्याने. बोटं अशी चालत होती पोराची की बघत राहावं. ताईने फोन घेतले. स्टँडवरच्यांना सांगितलं की हातातलं तिकीट बघून माणसं बसवा, आम्ही दर अर्ध्या तासाने फोन करू, काही कळलं नसलं तरी करू. साहेब दोनदा खोलीत शिरायला आले, त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. आणि प्रोफेसर भिंतीला टेकून उभे होते. घरी जातो म्हणत होते. ताईने त्यांना ओढून बारक्याच्या शेजारी बसवलं. म्हणाली, "हा जी ओळ लिहील ती तुम्ही मोठ्याने वाचायची. कुठल्या खिडकीत आहे तेही वाचायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हा एंटर दाबणार नाही. आज या खोलीत तुमच्याइतकं सावध दुसरं कोणी नसणार." प्रोफेसर वाचत गेले. आधी आवाज फुटत नव्हता, मग फुटला. संध्याकाळपर्यंत गाड्या सुटल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

नंतर चर्चा झाली, ती त्यांच्या रीतीप्रमाणे. त्यांच्याकडे पद्धतच होती की काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच बोलायचं. कोणी केलं हे विचारायचं नाही आणि कोणी विचारलं तर सांगायचं नाही. एकदा नावं निघायला लागली की माणसं चुका लपवतात, आणि लपवलेली चूक शोधताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. तेव्हा खऱ्या मशीनची खिडकी लाल केली आणि विषय संपला. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही कोण ते.

आता तयारीच्या टेबलावर ही गोष्ट रोज निघायची, आणि रोज थोडं तिखटमीठ जास्त पडायचं. बारक्या ताईला म्हणाला, "फोन घेतले हे काय सांगायचं, ताई? त्यांना टेलिफोन ऑपरेटर हवाय का? सरळ सांगा, मी बॅकअप लावला." ताईला पटलं. प्रोफेसरही बॅकअपच लावायला लागले. हां हां म्हणता टेबलावर तीन माणसं आणि तिघांनीही तोच बॅकअप लावलेला.

मग एका बऱ्या कंपनीने तिघांनाही बोलावलं. जागा एक आणि मुलाखती एकाच दिवशी. आधी बारक्या, मग प्रोफेसर, शेवटी ताई.

"ज्याला मिळेल त्याने जेवण द्यायचं," बारक्या म्हणाला. "पण गोष्टी वाटून घेऊ. नाहीतर शोभा होईल." हे शहाणपण त्यालाच सुचलं, हे मुद्दाम सांगून ठेवते. डिस्क गच्च भरून मशीन अडलं होतं ती गोष्ट प्रोफेसरांना दिली. सर्टिफिकेटची मुदत संपून वेबसाइट उघडेनाशी झाली होती ती बारक्याने स्वतःकडे घेतली. बसची ताईला. ताईंनाच जास्त गरज आहे, असं प्रोफेसर म्हणाले. ताईला ते लागलं आणि बरंही वाटलं.

मुलाखतीची खोली लहान होती. एक टेबल, एक फळा, पाण्याचा जग, आणि समोर ताईहून वयाने लहान अशी बाई. शांत चेहऱ्याची, उगाच न हसणारी. पण सुरुवात बरी झाली. मशीन मंद झालं तर आधी काय बघाल, ताई भडाभडा बोलली. मग तो प्रश्न आला. मोठं काही बंद पडलं होतं का?

ताईने पाण्याचा घोट घेतला आणि तोंडपाठ गोष्ट काढली. "एका दुपारी आमच्या खऱ्या मशीनच्या खिडकीत..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसचं ना?"

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ही गोष्ट मी सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकतेय," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, पण ते बरं म्हणावं असंही काही नव्हतं. "आधीच्या दोघांनीही बॅकअप स्वतः लावलाय, आता तुम्हीही लावला असणार. इतक्या लोकांनी लावलेला बॅकअप मी अजून बघितला नाही."

ताईला वाटलं धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आणि त्यापाठोपाठ असा संताप आला की अंगाचा तिळपापड झाला. दोघांनीही! दोन चांगल्या गोष्टी हातात देऊन पाठवलेले बाप्ये, आणि दोघांनीही हिचीच उचलली. त्यातही प्रोफेसरांनी. सगळं पुसून टाकणाऱ्याने इथे बसून सांगितलं की मी वाचवलं.

"बंद कोणी पाडलं होतं?" बाईंनी विचारलं.

नाव ताईच्या जिभेवर होतं. खोटं का बोला, ते बाहेर पडलं असतं तर त्या क्षणी तिला फार फार बरं वाटलं असतं. एक स्पर्धक कमी झाला असता आणि रागही निघाला असता. शिवाय ते खरंच होतं.

"खिडक्या दोन होत्या," ती म्हणाली. "दिसायला अगदी सारख्या. आमच्यातल्या कोणाच्याही हातून झालं असतं. त्यानंतर आम्ही एक लाल केली."

"ते मला कळलं. मी विचारते, कोणी."

"ते आम्ही सांगत नाही. बॅकअप कोणी लावला ते मात्र सांगते. मी नाही लावला. सकाळी पहिल्यांदा जो येऊन गेला ना, त्याने लावला. त्याची बोटं बघायला हवी होती तुम्ही."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी फोन घेतले," ताई म्हणाली. मग तिने खरं ते सांगितलं, स्टँडवरच्यांना काय सांगितलं, साहेबांना दारातून कसं परत पाठवलं. बाई लिहून घेत होत्या.

"आणि ज्याच्या हातून झालं, तो माणूस तेव्हा काय करत होता? घरी पाठवलंत?"

"नाही, काम करत होता."

"काय काम?"

ओळी वाचत होता, असं सांगायचं तर मग कोण वाचत होतं तेही निघणार. बॅकअप पहिल्याने लावला असं सांगून दोघांपैकी एकाला तर तिने आत्ताच आपल्या तोंडाने वगळलं होतं, उरले प्रोफेसरच. आता एक शब्द जास्त बोललं की झालंच. "सगळेच करत होते," ती म्हणाली आणि ते किती पुळचट वाटतंय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

शेवटी प्रोग्रॅम लिहायला दिला. नावांची एक यादी, त्यात कुठलं नाव एकाहून जास्त वेळा आलंय ते शोधा. देताना बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ताईनेही मान खाली घातली. बारक्याने शिकवल्याप्रमाणे एकदाच वरून खाली जायचं, दिसलेलं नाव बाजूला ठेवत जायचं आणि प्रत्येक नव्या नावाला आधी तिथे बघायचं. तिने लिहिलं, पण हळू, आणि एकदा मधेच खोडून.

त्या संध्याकाळी टेबलाशी दोघेही आले.

"ताई, तोंडातून दुसरं काही निघेचना," बारक्या म्हणाला. "सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असं मनात घोकत गेलो आणि तोंड उघडलं तर बस."

"माझीही तीच गत," प्रोफेसर म्हणाले. आज त्यांनी पुढे काही समजावून सांगितलं नाही.

"तुम्हाला लाज वाटायला हवी," ताई म्हणाली. "मला ही नोकरी हवी होती. तुम्हाला वाटतं तशी नाही, त्याहून जास्त. ही गेली तर मी दुकानात बसणार आहे. माझं ठरलंय." नवरा कपबशा घेऊन येत होता, तो दारातच थांबला. आपण मायेने आणलेल्या उशीची तिला धास्ती वाटतेय हे त्याला तेव्हा उमगलं असावं, कारण त्याने चहा टेबलावर ठेवला आणि आत निघून गेला.

बारक्याने कान धरले. मग तो मुलीला क्लासमधून आणायला गेला. प्रोफेसर मात्र बसून राहिले.

"मला विचारलं त्यांनी," ते म्हणाले. "बंद कोणी पाडलं म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे नाव सांगायची पद्धत नाही."

"मग बरोबरच सांगितलंत."

"तुम्हालाही विचारलं?"

"हो."

"मग?"

"सांगितलं की खिडक्या सारख्या होत्या."

प्रोफेसरांनी कप तोंडाला लावला. त्यातला चहा केव्हाच संपला होता. "ही पद्धत दुसऱ्याला झाकायला केलेली, ताई. मी स्वतःलाच झाकलं," ते म्हणाले, आणि चष्मा टेबलावर तसाच विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई आपणहून दुकानात गेली. नवरा नको नको म्हणत होता. ती त्या खुर्चीवर बसली, उशीवर, आणि शोकेसमधले चष्मे एकेक काढून पुसत राहिली. उशी मऊ होती. तिला त्या उशीचाच राग आला. एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होती तेवढ्यात फोन वाजला.

"काल तुमच्यानंतर मला एक फोन आला," मुलाखतीच्या बाई बोलत होत्या. "तुमच्याआधी आले होते ते गृहस्थ. म्हणाले, ते सगळं माझ्या हातून पुसलं गेलं होतं, आणि दुपारी मी तुमच्याशी खोटं बोललो. मग म्हणाले, मी घरी पळून जात होतो, तर ताईंनी मला पकडून बसवलं आणि वाचायला लावलं. खरं आहे?"

ताईने हातातली फ्रेम खाली ठेवली. "खरं आहे."

"हे तुम्ही काल का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

"ते सांगितलं असतं तर दुसरंही सांगितल्यासारखं झालं असतं."

"आमच्याकडे भराभर टाइप करणारे पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "काही पडलं की ते एकमेकांची नावं घेत बसतात. तुम्ही येऊन ही टीम सांभाळाल का?"

टीम सांभाळाल का. ताईला दुसऱ्या मुलाखतीतलं आपलं सरळ उत्तर आठवलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. हो, येते, असं ती म्हणाली, मग रडू आलं. चष्म्याच्या दुकानात डोळे पुसायला फडक्यांची कमी नसते. गिऱ्हाइकाला वाटलं, बाईंना बहुतेक नंबर लागलाय. नवऱ्याने त्याला फ्रेमवर सूट दिली आणि खुर्चीवरची उशी उचलून पिशवीत घातली.

ताईने पहिला फोन प्रोफेसरांना केला. काय बोलायचं ते ठरवून केला होता, पण प्रत्यक्षात एवढंच म्हणाली, "तुमचा चष्मा आमच्याकडे राहिलाय. दुपारी या."

ते आले. बारक्याही आला, त्याला दुसऱ्या एका ठिकाणी पुढच्या फेरीला बोलावलं होतं आणि तो हवेत होता. प्रोफेसरांचीही दोन दिवसांनी कुठेशी मुलाखत होती. रोजच्यासारखा चहा झाला. प्रोफेसरांच्या खुर्चीवर ताईच्या नवऱ्याने ती नवी उशी आणून ठेवली होती. प्रोफेसरांनी ती जरा निरखली आणि तिच्यावर बसले.

ताईने समोर बसून तोंड लांब केलं, साहेबासारखं. "सांगा," ती म्हणाली. "मोठं काही बंद पडलं होतं का? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

प्रोफेसरांनी चष्मा चढवला. डिस्कची गोष्ट त्यांच्याकडे होती, ती त्यांनी काढली नाही.

"एका दुपारी," ते म्हणाले, "दोन सारख्या खिडक्या होत्या, आणि मी चुकीच्या खिडकीत होतो. बसचं सगळं बुकिंग माझ्या हातून पुसलं गेलं. मी घरी निघालो होतो. आमच्यातल्या एका बाईने मला जाऊ दिलं नाही."

ते पुढे सांगत राहिले, नेहमीप्रमाणे लांबण लावून. ताईने त्यांना मध्ये थांबवलं नाही.